दिव्यांची अवस आणि रिकामी रात्र

आषाढ सरत आला की घरोघरच्या समया माळ्यावरून खाली उतरतात. चिंच, रांगोळी, राख, अलीकडे पितांबरी, ज्या घरात जे चालत आले असेल ते घेऊन सासवासुना दिवे घासावयास बसतात. निरांजने, लामणदिवे, पणत्या, क्वचित एखाद्या घरी आजेसासूच्या माहेराहून आलेली जुनी ठाणवई. सायंकाळी पाटावर वस्त्र अंथरून ते सारे मांडावयाचे, भोवती रांगोळी रेखावयाची, हळदकुंकू, फुले, दूर्वा वाहावयाच्या आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवावयाचा. आषाढ वद्य अमावास्येची ही दीपपूजा. वर्षभर जो आपल्याला उजेड देतो त्याच्याकडे एक दिवस आपण पाहावे, इतकी साधी ही गोष्ट आहे. दुसरे दिवशी श्रावण लागतो.

या रात्रीला आणखी एक नाव पडले आहे. ते या पानावर लिहिताना लेखणी अडखळते, परंतु टाळून भागणार नाही. 'गटारी' असे लोक म्हणतात. पुढे महिनाभर मद्यमांस वर्ज्य, म्हणून आज काय ते पुरते उरकून घ्यावे, अशी ही रात्र. काही मंडळी सांगतात की हा शब्द मुळात 'गतहारी', म्हणजे ज्यात आहार गेला आहे असा, आणि त्यास शास्त्राधार आहे. आम्ही संस्कृताचे जन्मभराचे विद्यार्थी आहोत. 'गत' आणि 'आहार' यांचा संधी 'गताहार' असा होतो. 'गतहार' म्हणजे फार तर ज्याच्या गळ्यातला हार गेला आहे तो. त्या रात्री पुष्कळांच्या बाबतीत तेही खरे ठरत असेल. व्रतग्रंथांत हा शब्द आमच्या तरी वाचनात कोठे आला नाही. गटाराला गीर्वाणवाणीने स्नान घातल्याने ते तीर्थ होत नाही.

वरील मजकूर वाचून वाचक हसले असतील. आमच्या कीर्तनातही श्रोते हसतात. पुष्कळ वर्षे आम्ही श्रावणातल्या पूर्वरंगात हा विनोद करीत आलो आणि त्याला जोडून दुसराही एक करीत असू. तो दुसरा विनोद आम्ही आता करीत नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावी श्रावणात सप्ताह होता. तिसऱ्या दिवशी पुढच्या रांगेत एक गृहस्थ येऊन बसले. त्यांची ख्याती साऱ्या गावाला ठाऊक होती. रात्री त्यांना घरी पोचविण्यासाठी दोन माणसे लागत. आम्हांलाही ती कोणी तरी कानात सांगितली होती. आख्यान रंगात आले होते, श्रोते हाताशी होते, आणि आमची जीभ घसरली. नाव न घेता, परंतु नजर त्यांच्यावर ठेवून, 'काही जणांचा श्रावण भाद्रपदाची वाट पाहण्यातच जातो' अशा अर्थाचे काही आम्ही बोललो. मंडप हशाने भरून गेला. तेही हसले. दुसरे दिवशी त्यांची जागा रिकामी होती.

पुढे काही वर्षांनी एका एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात ते आम्हांला भेटले. प्रकृती खालावलेली होती. नमस्कार करून ते म्हणाले, "बुवा, त्या दिवशी मला सोडून तीन आठवडे झाले होते. आषाढीपासून घेतली नव्हती. घरी सांगितले नव्हते. म्हटले, कीर्तनाला जाऊ, निदान संध्याकाळ जाईल." एवढेच बोलून, रागाचा एक शब्दही न उच्चारता, ते पुंडलिकाच्या दर्शनाला निघून गेले. आम्ही गीतेवर आणि भागवतावर जन्मभर बोललो, परंतु 'निदान संध्याकाळ जाईल' या तीन शब्दांत त्या गृहस्थांनी जे सांगितले ते आम्हांला कोणत्याही टीकेत सापडले नव्हते.

यंदा आषाढी होऊन आठवडा झाला असेल, एक तरुण आमच्याकडे आला. मूळचा आमच्याच गावचा, पुण्याला संगणकाच्या व्यवसायात चांगल्या नोकरीवर. पालखी मार्गावर लागली तेव्हा दोन दिवस चालला, मग रजा वाढवून घरीच राहिला. आईने त्याला आमच्याकडे पाठविले होते. मुले अशा वेळी मान खाली घालून बसतात. हा सरळ बोलला. गेली पाचसहा वर्षे त्याचा शुक्रवार शनिवारच्या पहाटे संपत असे. कधी कोणाचा वाढदिवस, रात्री बारा वाजता केक. कधी शहराबाहेरचे शेतघर, मोठमोठे ध्वनिक्षेपक. कधी काहीच निमित्त नाही, म्हणून. मग एका पहाटे मित्राच्या घरी त्याला जाग आली. दिवा चालू होता. गाणे कोणी बंद केले नव्हते, ते तसेच वाजत होते. दहाबारा जण जेथे पडले तेथेच झोपले होते. एकाच्या हातात पेला होता, एकीच्या गालावर रंगाचे ओघळ होते, एक जण तोंड उघडे टाकून काही बरळत होता. "बुवा, मला वाटले मी एकटाच जिवंत आहे," तो म्हणाला. पादत्राणे हातात घेऊन तो खाली उतरला. रस्त्यावर दुधाची गाडी होती आणि फाटकापाशी पेंगणारा पहारेकरी.

हे ऐकताना आमच्या अंगावर काटा आला, कारण हीच पहाट आम्ही एका फार जुन्या ग्रंथात वाचली होती.

बौद्धांच्या विनयपिटकात, महावग्गात, यश नावाच्या तरुणाची कथा आहे. वाराणसीच्या एका धनाढ्य श्रेष्ठीचा हा मुलगा. त्याला तीन प्रासाद होते, हिवाळ्याचा एक, उन्हाळ्याचा एक आणि पावसाळ्याचा एक. पावसाळ्याचे चार महिने तो वरच्या मजल्यावरून खालीच उतरत नसे. भोवती सतत गायन, वादन, नर्तन. चातुर्मासाचे हेही एक रूप! एका रात्री त्याला आधी झोप लागली, मागाहून त्या गायिका झोपल्या, आणि मध्यरात्री तो जागा झाला तेव्हा तेलाचा दिवा जळतच होता. कोणाच्या काखेत वीणा, कोणाच्या गळ्याशी मृदंग, कोणाचे केस सुटलेले, कोणाच्या तोंडून लाळ गळते आहे. सारा रंगमहाल त्याला स्मशानासारखा दिसला. सोन्याच्या पादुका पायांत घालून तो बाहेर पडला आणि 'केवढा हा उपद्रव, केवढी ही पीडा' असे पुटपुटत ऋषिपत्तनाच्या, म्हणजे आजच्या सारनाथच्या, वाटेने चालू लागला.

तो ग्रंथ आमच्या संप्रदायाचा नव्हे. परंतु मनुष्याच्या मनाचे खरे वर्णन जेथे असेल तेथून घ्यावे. आणि या कथेत आम्हांला त्या रंगमहालाहूनही पुढची एक बारीकशी गोष्ट अधिक मोलाची वाटते. यश ऋषिपत्तनाला पोचला तेव्हा पहाट होत होती, आणि भगवान बुद्ध त्या वेळी उघड्यावर फेऱ्या घालीत होते. त्यांनी त्याला दुरून पाहिले, ते आसनावर बसले, आणि येथे उपद्रव नाही, येथे पीडा नाही, ये, बैस, असे म्हणाले. यशाच्या वैराग्याचे श्रेय त्या रात्रीला आपण देतो. परंतु त्या घटकेला त्याला कोणी भेटले नसते तर? सूर्य वर आला असता, नोकर शोधीत आले असते, आणि सायंकाळी पुन्हा मृदंग वाजला असता. तशी जाग पुष्कळांना येते. आमच्या या तरुणालाही ती एकदा नव्हे, तीन वेळा आली होती. प्रत्येक वेळी रस्त्यावर दुधाची गाडीच भेटली.

या कथेचा शेवटही ध्यानात घेण्यासारखा आहे. यशाचा पिता त्याला शोधीत आला आणि उपासक होऊन परतला. मग माता आणि पत्नी उपासिका झाल्या. त्याचे चार जिवलग मित्र, आणि मागोमाग आणखी पन्नास, असे चौपन्न सोबती त्याच वाटेने आले. आमच्या तरुणाचे चौपन्न सोबती आले नाहीत. त्यांनी त्याला बोलावणेच बंद केले. "आता शनिवारी फोन वाजत नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, "बुवा, सोडणे एवढे कठीण नाही. संध्याकाळी सात ते अकरा करायचे काय, ते सांगा."

पुन्हा तीच संध्याकाळ. वीस वर्षांच्या अंतराने दोन माणसे आम्हांला एकच गोष्ट विचारीत होती.

उत्तरासाठी आम्हांला फार दूर जावे लागले नाही. सोलापूर आमच्यापासून जवळच आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे जोशांच्या वेदसंपन्न घराण्यात राम नावाचा मुलगा वाढत होता. वडील बंधू मुद्गल जोशी पुराणिक म्हणून मान्यता पावलेले. धाकट्याचे मन मात्र धोंडी शाहिराच्या फडात. दिवसा घरात पोथी, रात्री फडात ढोलकी. पुढे तो स्वतःच कवने रचू लागला, आणि ती अशी उतरू लागली की लोक बाकीचे फड सोडून त्याच्याकडे धावू लागले. परंपरा सांगते की थोरल्या भावाने त्याला खडसावले आणि घराबाहेर काढले. तो आमच्या पंढरीस आला आणि बाबा पाध्ये यांच्यापाशी संस्कृत शिकला. बाबा पाध्ये म्हणजे 'धर्मसिंधु'कार काशीनाथशास्त्री. १७९० च्या सुमारास सिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावरून आजही पंचांगकर्ते तिथींचा निर्णय करतात. तेव्हा या दीपपूजेची अमावास्या कोणत्या दिवशी धरावी, हे जो ग्रंथ सांगतो त्याच्या कर्त्याच्या पायाशी हा फडातला शाहीर बसला होता!

काव्य, व्याकरण, पुराण यांत तयार होऊन तो सोलापुरास परतला. भावाला आनंद झाला. राम आता पुराण सांगू लागला. गोष्ट येथे संपती तर कीर्तनकारांना फार सोयीची झाली असती. परंतु ती येथे संपत नाही. राम जोशी पुन्हा फडात गेले.

आमच्या गुरुजींनी हे आख्यान आम्हांला शिकविले तेव्हा हा भाग गाळला होता. पुष्कळ जण तो गाळतात. १९४७ साली त्यांच्या जीवनावर 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट निघाला, माडगूळकरांची लेखणी, जयराम शिलेदारांचा गळा, आणि आमच्या वडिलांच्या पिढीने तो डोक्यावर घेतला. त्यामुळे फडाची बाजू लोकांना नीट ठाऊक आहे. परंतु विद्या मिळविल्यानंतर हा माणूस पुन्हा का गेला, याचा विचार कोणी फारसा करीत नाही. आम्हांला वाटते, उत्तर सरळ आहे. पंढरीत त्यांना ज्ञान मिळाले होते, परंतु रात्र मिळाली नव्हती. पुराण दुपारी चालते. दिवेलागणीनंतर सोलापूरच्या त्या वाड्यात काय होते? थोरल्या भावाची नजर, आणि भिंतीपलीकडून येणारा ढोलकीचा नाद.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत, 'रसवर्जम्' असा एक शब्द आहे. आहार सोडणाऱ्याचे विषय त्याच्यापासून दूर होतात, परंतु रस तेवढा मागे राहतो. तो रसही निवृत्त होतो तो परतत्त्वाच्या दर्शनाने, असे भगवान तेथे सांगतात. श्रावण पाळणाऱ्या प्रत्येकाने हा शब्द देव्हाऱ्यापाशी लिहून ठेवावा. महिनाभर बाटलीला शिवलो नाही हे विषयांचे दूर होणे झाले, आणि ते लहान नाही. परंतु मनातली गोडी कोणत्याही पंचांगाने जात नाही. तिला त्याहून सरस असे काही मिळाल्यावाचून ती जागा सोडत नाही. रस रसानेच हटतो.

म्हणून राम जोशी यांच्या जीवनात मोरोपंत यावे लागले. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला होते, स्वतः उत्तम पुराणिक आणि आर्येचे तर सम्राटच. आख्यायिका अशी की राम जोशांचा फड बारामतीस आला तेव्हा पंत तो ऐकावयास गेले. केवढी ही गोष्ट! भारत आणि रामायण आर्यांत उतरविणारा सोवळा वृद्ध कवी तमाशा ऐकावयास जाऊन बसतो. त्यांनी ऐकले, त्या कवनांतली भाषा, यमके आणि अनुप्रास यांवरून समोर कोण उभा आहे ते ओळखले, आणि तोंड भरून प्रशंसा केली. अशी वाणी ईश्वराच्या सेवेला लागावी एवढेच मग त्यांनी सुचविले. राम जोशांनी डफ फोडला आणि ते हरिदास झाले. थोरल्या भावाने बोलून जे साधले नाही ते पंतांनी ऐकून साधले.

भावाला आम्ही दोष देत नाही. घरच्या अब्रूची चिंता त्याला होती. परक्याला औदार्य सोपे असते. परंतु त्या सप्ताहातल्या मंडपात पुढच्या रांगेतल्या गृहस्थांसमोर आम्ही जे उभे होतो ते मुद्गल जोशी होऊन उभे होतो, हे आता आम्हांला दिसते.

हरिदास झाल्यावर राम जोशांनी काय टाकले, तेही पाहण्यासारखे आहे. गाणे टाकले नाही. रात्र टाकली नाही. समोरचा जमाव, तालाचा ठेका, शब्दांची आतषबाजी, यांतले काहीच टाकले नाही. फडात ते जे करीत होते तेच त्यांनी देवापुढे केले. मोरोपंतांच्या आर्या पोथीतून निघून सामान्य श्रोत्यांच्या तोंडी गेल्या त्यात राम जोशांच्या कीर्तनांचा वाटा मोठा आहे. आज आम्ही नारदीय परंपरेतले कीर्तनकार उत्तररंगात आर्या, साकी, दिंडी म्हणता म्हणता एकदम कटाव घेतो, झांज वाढते, तबला धावू लागतो आणि पेंगणारे आजोबा सावरून बसतात, तेव्हा त्या धावत्या शब्दांत फडाचा थोडासा धूर आहेच. तो लपविण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी. तमाशा ही कला हीन, असे आम्हांला म्हणावयाचे नाही. फडावर जे नाचतात, गातात, ढोलकी वाजवितात त्यांची ती भाकरी आहे, आणि ती फार कष्टाची आहे. रंगेल होतो तो समोर बसलेला. त्या वेळी पेशवाईच्या उतरत्या काळात समोर कोण बसत असे हे इतिहासात लिहिलेले आहे.

संगमनेरच्या अनंत फंदींचीही (१७४४–१८१९) कथा अशीच, पण तिचा वळसा वेगळा. ते फिरत फिरत महेश्वरला गेले. अहल्याबाई होळकरांनी त्यांचे कवन ऐकले आणि ही वाणी कीर्तनात लागावी असे त्यांस सांगितले, त्यावर त्यांनी डफ फोडला, अशी परंपरा आहे. दरबारात बोलावून देवीने अपमान केला असता तर ती त्यांची सत्ता होती. त्यांनी तसे केले नाही. पुढे याच फंदींनी मराठीला 'फटका' हा रोखठोक उपदेशाचा काव्यप्रकार दिला. ज्याने वाट तुडविली आहे त्यानेच खाचखळगे दाखवावेत, म्हणून तो उपदेश लोकांनी मानला. आम्ही जन्मभर देवळाच्या ओसरीवर बसलेले. आमच्या उपदेशाला ती धार यावयाची नाही.

तेव्हा त्या तरुणाला आम्ही उपदेश केला नाही. त्याला राम जोशांची ही गोष्ट सांगितली, पुन्हा फडात गेले तो भागही न गाळता. तेथे त्याने प्रथमच मान वर केली. मग म्हणालो, "अरे, आपल्या पूर्वजांनाही हा प्रश्न होताच. रात्रीचे करायचे काय? म्हणून तर एवढी भजने, जागर, गोंधळ, कीर्तने झाली. मनुष्याला रात्री एकटे बसवत नाही. त्याला चार माणसे, एक ताल आणि काही तरी गोड लागते. तू वाईट वस्तू मागत नव्हतास. दुकान चुकले होते."

आमच्या पंढरीत तर देवच हे करून दाखवितो. आषाढीची यात्रा भरली की विठुरायाचा पलंग काढून ठेवतात. निद्रेचे उपचार बंद होतात आणि दर्शन रात्रंदिवस चालू राहते. लाखो लेकरे दारात उभी असताना बापाने निजावयाचे कसे, ही त्यामागची भावना. यात्रा ओसरल्यावर प्रक्षाळपूजा होते, शिणवटा घालविण्यासाठी देवाला स्नान घालतात, आणि मग पलंग पुन्हा जागेवर येतो. मध्यरात्री दोन वाजता कोणी वाट चुकलेला पोर आला तरी त्या दिवसांत येथे कोणी तरी जागे असते. घराघरांतून इतके करणे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. परंतु थोडे करता येते.

त्या तरुणाची आई दुसरे दिवशी आली. तिला वाटत होते, मुलाला एखादे कडक व्रत सांगावे, पारायण लावावे, देवापुढे शपथ घ्यावयास लावावी. आम्ही म्हणालो, "वहिनी, शपथ राहू द्या. रोज दिवेलागणीला तुमच्या घरी काय असते?" ती विचारात पडली. मग म्हणाली, "सून तिच्या खोलीत, हे दूरदर्शनसंचासमोर, मी स्वयंपाकात." आम्ही विचारले, "आणि तो?" ती काही बोलली नाही. शुभंकरोती म्हटले जाते का, हे विचारण्याचा आम्हांला धीर झाला नाही. आमच्या घरी तरी ते रोज कोठे होते? नातवंडे असली तरच होते.

आम्ही तिला एवढेच सांगितले की त्याला सारखे विचारू नका, 'आज गेला नाहीस ना?' त्याचा श्वास हुंगू नका. तो एखाद्या दिवशी गेलाच, तर दुसरे दिवशी दार उघडे असू द्या. राम जोशीही गेले होते. आणि संध्याकाळी त्याच्या हाताला काही काम द्या, ज्यात दुसरे माणूस लागते. भाजी निवडणे, झोपाळ्याचे कड्यांना तेल घालणे, वडिलांबरोबर देवळापर्यंत जाऊन येणे, काहीही. वहिनींना हे फारसे पटले असे दिसले नाही. शास्त्रीबुवांकडून काही मंत्र मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी.

त्याला मात्र आम्ही कीर्तनाला बोलावले. श्रोता म्हणून नव्हे. पुढच्या रांगेत पुन्हा कोणाला बसविण्याची आम्हांला भीती वाटते. मागे झांज धरावयास बोलावले. पहिल्या दिवशी त्याचा ठेका सगळा पुढे पळत होता. तबलजी, तापट गृहस्थ, मध्यंतरात बुक्का लावताना आमच्या कानाशी म्हणाले, "बुवा, हा कोण ध्यान आणलात?" दुसऱ्या दिवशी थोडे बरे झाले. चौथ्या दिवशी कटावाला तो चुकला नाही, आणि तबलजींनी त्याच्याकडे पाहून भुवई उचलली. मुलाचे कान लाल झाले. रात्री साडेदहाला कीर्तन संपल्यावर सतरंज्या गुंडाळीत तो म्हणाला, "अकराला अजून अर्धा तास आहे." आम्ही त्याला घरी नेले, सौभाग्यवतींनी दूध गरम केले.

पुढे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. रजा संपली की त्याला पुण्याला जावे लागेल. तेथे त्या गल्लीत, त्या मजल्यावर, दिवेलागणीला त्याच्यासाठी कोण जागे असेल, याची आम्हांला चिंता आहे. त्याने आपण होऊन सांगितले की त्याच्या कचेरीजवळ एका विठ्ठलमंदिरात गुरुवारी भजन असते, दारावरून अनेकदा गेलो आहे. मग हसून म्हणाला, "पण शुक्रवारचे काय?" त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुण्यातल्या भजनी मंडळांतल्या कोणी हा लेख वाचला आणि आपल्या भजनाचा वार बदलून शुक्रवार केला, तर आम्ही त्यांचे ऋणी राहू. हे आम्ही थट्टेने लिहीत नाही.

दिव्यांची अवस येते आहे. आमच्या घरी माळ्यावर दोन उंच समया आहेत, आजोबांच्या वेळच्या, पाच पाच थरांच्या, वजनाला भारी. गेली तीन वर्षे त्या खाली उतरल्या नाहीत, कारण आमचे गुडघे शिडीवर चढू देत नाहीत. यंदा त्या उतरविण्यास तो येतो म्हणाला आहे. चिंच आदल्या रात्रीच भिजत घालावी लागेल. आणि घासावयास सारी दुपार जाईल, कदाचित संध्याकाळही.